माळाच्या रंगाचा अंगरखा

भवानी पेठेत कापडाला तोटा नाही. मड्डी वस्ती, घोंगडे वस्ती, मराठा वस्ती असं फिरत गेलं की कुठल्या ना कुठल्या गल्लीतून यंत्रमागाचा खडखडाट कानावर येतोच. सोलापूरच्या या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी चादर आणि टेरी टॉवेल यांचं नाव देशभर नेलं. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या जोडीला आता गणवेश शिवणारे कारखाने उभे राहिले आहेत. शाळेची मुलं, सुरक्षारक्षक, दवाखान्यातले कर्मचारी यांचे कपडे या शहरात कापले जातात, शिवले जातात. त्या कापणीतून खाकी, शेवाळी, मातकट, करड्या कात्रणांचे ढीग पडतात.

ही कात्रणं, बाजार समितीतलं जुनं बारदान आणि मासेमारीचं टाकाऊ जाळं यांतून घरच्या घरी शिवता येणाऱ्या एका अंगरख्याबद्दल हा लेख आहे. तो पांघरून माळावर निपचित पडून राहिलं तर जवळून चरत जाणाऱ्या काळविटाला तिथे माणूस आहे हे कळत नाही. जगभर त्याला गिली सूट म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी तो शिकारीसाठी शिवला जातो. आपल्याकडे शिकारीसाठी तो शिवता येत नाही आणि शिवूही नये. पण लपण्याची विद्या शिकारीपेक्षा मोठी आहे. सोलापूर जिल्ह्याला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती आज माळाच्या राखणीला लागली पाहिजे, हे मला या लेखातून सांगायचं आहे.

बंदूक खाली ठेवल्यानंतर

आधी कायद्याचं बोलू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट जवळजवळ बंद झाली. कायद्यातली शिकारीची व्याख्याही ऐसपैस आहे. गोळी घालणं तर शिकार आहेच, पण फास लावणं, जाळं टाकणं, हाकारा करणं, आमिष दाखवणं, पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही शिकारीतच मोडतं. काळवीट आणि माळढोक पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे. ससा, तितर, लावा हे ‘किरकोळ’ म्हणून मारले जातात, पण त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. चार मित्रांनी रविवारी बॅटरी घेऊन सशामागे निघणं हा गुन्हाच आहे.

शिकार गेली, पण शिकाऱ्याची नजर जायचं कारण नव्हतं. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशात बंदूक घेऊन भटकंती केली आणि पुढे वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिलं. प्राण्याच्या मागावर तासन्‌तास बसायची सवय असलेला माणूस उत्तम निरीक्षक होऊ शकतो. फरक हेतूचा असतो. बसण्याची, दम धरण्याची, वारा ओळखण्याची रीत दोघांची एकच.

बैलाआडचा माणूस

या भागात ही रीत सर्वांत चांगली कुणाला येत असेल तर ती पारध्यांना. रसेल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखांची नोंद आहे. त्यांतली एक शाखा शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं सावजापर्यंत पोचत असे. बैल चरत चरत पुढे सरकतो, माणूस त्याच्या अंगाआड वाकून चालतो. हरणं रोज गुरं पाहतात, त्यामुळे बैलाला बिचकत नाहीत. फासेपारधी गवताच्या वाटांवर फास मांडून तितर-लावे धरत. कोणता पक्षी कोणत्या वेळी कुठल्या बांधानं उतरतो, पाण्यावर कुठून येतो, कुणाच्या ओरडण्यानं कोण सावध होतं, हे सारं त्यांना तोंडपाठ असे.

लपायचं म्हणजे दिसेनासं व्हायचं, असं आपण धरून चालतो. पारध्याची युक्ती वेगळी आहे. जनावराच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू होऊन जायचं, मग दिसलो तरी बिघडत नाही. गिली सूट शिवणाऱ्यानं सुई हातात घेण्याआधी एवढं समजून घेतलं तर त्याचं निम्मं काम झालं.

या विद्येच्या धन्यांना आपण कसं वागवलं, हेही सोलापुरात राहून विसरता येत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे १९११ नंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का बसला. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत झाली. तिथली माणसं गिरण्यांत राबली, हजेरी देत जगली. आजही शहरात त्या भागाला सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. शिकार बंद झाली ते योग्यच झालं, पण शिकारीवर जगणाऱ्याला पर्यायी काम मिळालं नाही. त्याची माळाची ओळखही कुणी मोलाची मानली नाही.

मृगयेची परंपरा इथे राजांचीही होती. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य या भागावर होतं. त्यांच्यातला तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ लिहितो आणि राजाच्या विनोदांत मृगयेला स्वतंत्र प्रकरण देतो. राजाचं ज्ञान पोथीत उतरलं. पारध्याचं ज्ञान त्याच्या पायांत आणि डोळ्यांतच राहिलं.

स्कॉटलंडचं गवत, अमेरिकेचा चित्रकार

गिली हा स्कॉटलंडमधल्या उच्चभूमीतला शिकारी-सेवक. मालकाला हरणाजवळ नेणं हे त्याचं काम. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅट यांनी अशा माणसांची पलटण उभी केली. लोव्हॅट स्काउट्स हे तिचं नाव. पहिल्या महायुद्धात या पलटणीतले निरीक्षक आणि नेमबाज चिंध्या लावलेले झगे वापरत. तिथून हा पोशाख सैन्यात रुळला. त्याच युद्धात, १९१५ साली, फ्रेंच सैन्यानं चित्रकारांचं खास पथक उभारून तोफा आणि मोर्चे लपवायला सुरुवात केली.

रंगाचं शास्त्र मात्र त्याआधीच एका अमेरिकन चित्रकारानं मांडलं होतं. ॲबट थेयर हे त्याचं नाव. १८९६ साली त्यानं दाखवून दिलं की बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. ऊन वरून पडतं, पाठ उजळते, पोटावर सावली येते. अंगाचा रंग याच्या नेमका उलट असल्यामुळे दोन्ही एकमेकांना मारक ठरतात आणि शरीराची गोलाई सपाट दिसते. आपली काळविटाची मादी पाहा: पाठ तांबूस पिवळी, पोट पांढरं. दुपारी गवतात उभी असली तर तिची कड सापडत नाही. रातवा पक्षी वाळक्या पानांत बसला की पाय पडेपर्यंत कळत नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच, अंडं घालते आणि त्यावर बसून मातीशी एकजीव होते. लपायचं कसं हे माळावरच्या जिवांकडूनच शिकावं.

कुणाच्या डोळ्यांपासून लपायचं?

शिवायला बसण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो, कारण प्रत्येकाचा डोळा निराळा. हरणवर्गातल्या आणि गाईगुरांसारख्या खुरांच्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्या तीन. तांबडा आणि हिरवा यांतला फरक त्यांना नीट कळत नाही. म्हणूनच नारिंगी वाघ त्यांना हिरवळीत मिसळलेला दिसतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट घालण्याची सक्ती आहे. ते इतर शिकाऱ्यांना दिसतं, पण हरणाला टोचत नाही.

निळ्या आणि त्यापलीकडच्या अतिनील उजेडाला मात्र हरणाचे डोळे चांगले तयार असतात. धुण्याच्या बऱ्याच पावडरींत कपडा शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी द्रव्यं घालतात. ती अतिनील उजेड शोषून निळसर उजेड फेकतात. अशा पावडरीत धुतलेला खाकी शर्ट आपल्याला खाकी वाटतो, हरणाला तो उजळलेला दिसू शकतो. त्यामुळे या अंगरख्याला नीळ नको, पावडर नको. नुसतं पाणी, फार तर रिठा.

पक्ष्यांचं आणखी अवघड. त्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या रंगपेशी असतात आणि नजर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. पक्ष्यांसाठी लपायचं तर रंग काटेकोर हवा. लांडग्यासाठी लपायचं तर रंगाची चिंता दुय्यम, कारण तो नाकानं पाहतो. वाऱ्याची दिशा चुकली तर जगातला कुठलाही अंगरखा त्याच्यापुढे टिकत नाही.

तरट, जाळं आणि डाळिंबाची साल

आता कृती. पाया म्हणून जुना, ढगळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट घ्यावी. कारखान्यात घालतात तो एकसंध डांगरी सूट मिळाला तर उत्तम. रंग मातकट किंवा फिकट खाकी. लष्करी छाप्याचं कापड घेऊ नये, आणि त्याला दोन कारणं आहेत. भारतीय लष्करानं १५ जानेवारी २०२२ रोजी नवा लढाऊ गणवेश जगासमोर आणला आणि त्याच्या नक्षीची नोंदणी करून हक्क राखून ठेवले. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. दुसरं कारण माळाचं. बाजारात मिळणारा हिरवागर्द जंगली छापा दाट झाडीसाठी असतो. दिवाळीनंतरच्या सोनेरी गवतात तो लांबूनही काळ्या ढेकळासारखा उठून दिसतो.

कपड्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे छाती, पोट, कोपर आणि गुडघे यांवर जाड किंतानाची किंवा कॅनव्हासची ठिगळं शिवावीत. पोटावर सरकायचं असल्यामुळे तिथे चिंध्या लावून उपयोग नाही, त्या अडकतात आणि तुटतात. पाठीवर, खांद्यांवर आणि टोपीवर जाळं शिवायचं. हिप्परग्याच्या तलावावर किंवा उजनीच्या काठावर मासेमारांची फाटकी जाळी मागितली तर मिळून जातात. दोन बोटं जातील एवढा डोळा पुरे. जाळं नायलॉनचं असेल आणि चमकत असेल तर ते चिखलात घोळून वाळवावं.

मग तरट. कांद्याच्या बाजारामुळे आपल्या बाजार समितीच्या आवारात बारदानाची कमतरता नाही. जुनं, मळकं, उन्हानं विटलेलं पोतं नव्यापेक्षा चांगलं. त्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापायच्या आणि आडवे धागे ओढून काढायचे, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दशा सुटतात. विणकरांच्या घरातल्या आजीला ही दशा काढण्याची रीत सांगावी लागत नाही. लांबी वीतभर ते दीड वीत, आणि मुद्दाम कमी-जास्त. एकसारख्या लांबीच्या झालरी निसर्गात नसतात. पट्टी मधोमध दुमडून जाळ्याच्या डोळ्यातून ओवायची आणि तिची टोकं तिच्याच फासातून ओढून घ्यायची. ही गाठ सुटत नाही.

चिंध्या सगळीकडे सारख्या लावू नयेत. माणूस ओळखू येतो तो डोकं आणि खांदे यांच्या आकारावरून. तिथे दाट, कमरेखाली विरळ. तीन भाग तरट आणि एक भाग गणवेशाची कात्रणं, असं प्रमाण मला जमलं. बगलेत आणि पाठीच्या मध्यावर गडद कात्रणं, वर फिकट दशा अशी मांडणी केली तर खोल सावली आणि उजळ गवत दोन्हींचा भास होतो.

रंगाला रासायनिक पुडी लागत नाही. सोलापूरचं डाळिंब भौगोलिक मानांकनाचं, त्याची साल आपण फेकून देतो. वाळलेली साल पाण्यात उकळून गाळली आणि तुरटी लावलेलं तरट त्यात भिजवलं की पिवळसर खाकी येतो. त्याच पाण्यात गंजलेले खिळे काही दिवस मुरवले तर तोच रंग शेवाळी-करड्याकडे झुकतो. बाभळीच्या सालीचा तपकिरी होतो. जिवंत झाडाची साल काढायची गरज नाही, तोडलेल्या सरपणाची चालते. तीन भांड्यांत तीन छटा कराव्यात आणि तरट काही ठिकाणी मुद्दाम अर्धवट बुडवावं.

माळ वर्षभर एका रंगाचा राहत नाही. श्रावणात हिरवा, दिवाळीनंतर सोनेरी, चैत्रात करडा. म्हणून जाळ्याचे एक तृतीयांश डोळे रिकामे ठेवावेत. जिथे बसायचं तिथलं गळून पडलेलं गवत त्यांत खोचावं. उभं गवत उपटू नये. कुसळी गवत मात्र टाळलेलं बरं, त्याची कुसळं कपड्यातून अंगात शिरतात.

चेहऱ्यासाठी पातळ मातकट जाळीदार कापड, हातांना मोजे, कॅमेऱ्याच्या भिंगनळीला तरटाची खोळ. घड्याळ आणि चष्म्याची दांडी चमकते, तीही झाकावी.

एक धोका ठळकपणे सांगतो. तरट भसकन पेटतं आणि अंगावरचं जाळं वितळून कातडीला चिकटतं. हा पोशाख घालून विडी-काडी नको, चूल नको, गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरजवळ जाणंही नको. टाकणखार आणि बोरिक ॲसिड सुमारे सात-तीनच्या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून त्यात चिंध्या बुडवून वाळवल्या तर आग मंदावते. पाण्यानं धुतल्यावर ते द्रव्य निघून जातं, पुन्हा द्यावं लागतं. दुसरा धोका उन्हाचा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि या पोशाखात घामाला वाट नसते. हे काम कार्तिक ते माघ या महिन्यांचं आणि तेही पहाटेचं. तिसरा धोका सरपटणाऱ्यांचा. घोणस आणि फुरसं तुमच्यापेक्षा चांगले लपतात. बसायची जागा काठीनं आधी चाचपावी आणि पायात उंच बूट असावेत.

घोंगडीची खोळ

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी धनगराची घोंगडी आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळसर, करडी, खरबरीत. पावसात मेंढके तिची एका टोकाशी घडी घालून खोळ करतात आणि डोक्यावरून घेतात. डोकं, मान, खांदे एकाच उतारात झाकले जातात आणि माणसाचा आकार मोडतो. लोकर तरटासारखी चटकन पेटत नाही. शिवाय माळावरचे प्राणी खोळ घेतलेला मेंढका रोज पाहतात. एका जागी बसलेल्या मेंढक्यासमोर काळविटं चरत राहतात. पारध्याच्या बैलाचं तत्त्वच इथे पुन्हा भेटतं. कित्येक तासांच्या शिवणकामाला भारी पडेल असं लपण आपल्याकडे आधीपासून विणलेलं आहे.

टिटवीची परीक्षा

अंगरखा जमला की नाही हे आरसा सांगत नाही, टिटवी सांगते. माणूस दिसला की ती डोक्यावर घिरट्या घालत सगळ्या माळाला जागं करते. उजाडण्याआधी जागेवर पोचावं, वारा समोरून येईल असं बसावं, पाठीशी झुडूप किंवा बांध असावा, म्हणजे आभाळावर आकृती उमटत नाही. मग हालायचं नाही. मान वळवायची तर मिनिटभर लावून. टिटवी ओरडून शांत झाली, परत जमिनीवर उतरली आणि टिपू लागली, की समजावं आपण माळात मुरलो. पुढे चंडोल गायला लागतात, खोकड बिळातून डोकं काढतं, काळविटांचा कळप तुमच्याकडे पाठ करून चरतो. चांगल्या लपणाची खूण एकच: तुम्ही असताना प्राणी तेच करतो जे तुम्ही नसताना करतो. त्यानं मान वर करून टक लावली, खूर आपटला, फुत्कार टाकला तर पुढे सरकू नये. तो गेल्यावरच उठावं.

नान्नजचा धडा

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचा हा गाभा. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून अभयारण्याचं कागदावरचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. ते पुढे सुमारे १,२२२ वर आणलं गेलं. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी २०११ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. गवताळ माळ नांगरले गेले, पाणी आलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळाला आपण पडीक जमीन म्हणत राहिलो आणि तो हातचा जाऊ दिला.

अशा ठिकाणी लपण्याची कला जबाबदारीशिवाय वापरली तर ती शिकारीइतकीच घातक ठरते. घरट्यावर बसलेल्या मादीजवळ सरपटत जाऊन फोटो काढला आणि ती उठली, तर उन्हानं किंवा कावळ्यानं अंडं जातं. गोळी न झाडता पिढी संपते. अभयारण्यात निरीक्षणासाठी किंवा छायाचित्रणासाठी शिरायला वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. तो काढल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. विणीच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्याच्या आगेमागे, घरट्यांकडे फिरकू नये. अभयारण्याबाहेरच्या माळावर बसायचं तर शेतमालकाला आणि गावच्या पोलीस पाटलाला आधी सांगावं. चिंध्या पांघरून पडलेला अनोळखी माणूस पाहून कुणीही बिथरेल. येता-जाता अंगरखा पिशवीत आणि अंगावर नारिंगी बंडी असावी, म्हणजे चोरट्या शिकाऱ्याची गोळी आपल्याला लागायची नाही.

मारुती चितमपल्ली याच सोलापूरचे. १९३२ साली इथे जन्मले, वनखात्यात आयुष्य घालवलं, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १८ जून २०२५ रोजी याच शहरात त्यांनी देह ठेवला. पक्ष्यांचे, झाडांचे, रानाचे शब्द त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून घेतले आणि मराठीत आणले. ज्याला आपण अडाणी म्हणतो त्याच्या पायाशी बसून शिकावं, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आहे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर पक्षी राखण्याचं काम करते. फासे लावणारे हात राखणीला लागू शकतात, हे तिथे दिसतं.

सोलापुरात हे का होऊ नये? वनविभागाला माझी विनंती आहे: नान्नजच्या माळावर वाटाडे, मोजणीदार आणि राखणदार नेमताना पारधी आणि धनगर तरुणांना पहिला मान द्या, आणि तो पगारी असू द्या. गणवेशाच्या कारखानदारांनी कात्रणांतून लष्करी छाप्याची नक्कल न करता माळाच्या रंगाचे अंगरखे तयार करावेत. पक्षिमित्र, अभ्यासक आणि वनरक्षक हे त्यांचं गिऱ्हाईक आहेत. आणि वाचकहो, या थंडीत घरातलं एखादं जुनं पोतं उसवा, डाळिंबाच्या साली साठवा, मुलांना सोबत घेऊन हा अंगरखा शिवा. तो घालून माळावर जाल तेव्हा हातात दुर्बीण आणि वही असू द्या. जे दिसेल ते लिहून ठेवा आणि वनविभागाला कळवा. माळ वाचवायचा तर आधी त्याला रोज पाहणारी माणसं वाढली पाहिजेत.